"हे अजून आले नाहीत का?" डिमेन्शिया झालेल्या आईला दर वेळी खरं सांगायचं का?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आईला अल्झायमर्स आहे, आता मधल्या टप्प्यात. बाबा जाऊन काही वर्षं झाली, पण ते गेलेत हे तिच्या लक्षात राहत नाही. दिवसभर तशी बरी असते. दिवेलागण झाली की घालमेल सुरू. पर्स काढते, त्यात चष्म्याचं घर, कंगवा, टीव्हीचा रिमोट, घडी घातलेला रुमाल असं भरते, चेन लावते, परत उघडून बघते आणि दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहते. "मला घरी जायचंय. हे येऊन थांबले असतील." बसतं केलं तर लगेच, "हे अजून आले नाहीत का?"

दादाचं म्हणणं, खरं तेच सांगायचं. आपणच तिच्या चुकीच्या समजुतीला खतपाणी घातलं तर उरलंसुरलंही जाईल. मागे आला होता तेव्हा त्याने तिला शेजारी बसवून अगदी शांतपणे सांगितलं की बाबा गेले. ती जी रडली ते बघवत नव्हतं. "मला कुणी कळवलं कसं नाही?" हेच म्हणत राहिली. थोड्या वेळाने कशासाठी रडत होती ते विसरली, पण रात्रभर कावरीबावरी होती. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न.

मी ठरवलंय की आता सांगणार नाही. पण मग काय सांगू? "येतील हं" म्हणताना जीभ अडखळते. आम्हा भावंडांचं खोटं बोलणं तिने कधी खपवून घेतलं नाही आणि आता तिच्याशीच रोज खोटं बोलायचं? ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी लिहा. काय उपयोगी पडलं, काय नाही पडलं, दोन्ही. आणि हे संध्याकाळीच का होतं?

आडवाट

शेवंतीताई, वडिलांच्या वेळी आम्ही यातून गेलोय. तुमच्या दादांचा हेतू चांगला आहे, पण मृत्यूची बातमी आपल्यासाठी जुनी असते, त्यांच्यासाठी दर वेळी ताजी. ते दुःख पचायला जी आठवण लागते तीच शिल्लक नसते, त्यामुळे ते कधी जुनं होतच नाही.

आम्ही "येतील" असंही म्हणायचो नाही आणि "गेले" असंही नाही. वडील त्यांच्या आईबद्दल विचारायचे. मी म्हणायचो, "आजीची आठवण येतेय का हो? आत्ता या वेळी काय करत असायची ती?" की सुरू व्हायचे. आजी कशी ओरडायची, कोणत्या खोलीत बसायची, कुणाला घाबरायची नाही. दहापैकी सात वेळा तेवढ्यावर मन शांत व्हायचं. उरलेल्या वेळा नाही व्हायचं, तेव्हा नुसतं सोबत फिरायचं. त्या प्रश्नामागे भीती असते, एकटेपण असतं. त्याला उत्तर द्यायचं.

कुंपणावरचा

वाचतोय. आमच्याही घरी आईची सुरुवात झालीय की काय असं वाटायला लागलंय.

स्टेथोस्कोप

मी या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. (इथे वाचून कुणी औषध बदलू नका.)

डिमेन्शिया हा एक आजार नाही. स्मृती, भाषा, निर्णयक्षमता एवढी ढासळते की रोजचे व्यवहार अडतात, त्या अवस्थेला ते नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख लोकांना तो होता आणि त्यातल्या ६० ते ७० टक्क्यांमागे अल्झायमर्स असावा. बाकी रक्तवाहिन्यांमुळे होणारा, लेवी बॉडीचा (मेंदूच्या पेशींत त्या नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचून होणारा), फ्रंटोटेम्पोरल (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाचा) असे प्रकार आहेत आणि उतारवयात दोन प्रकार एकत्र असणं अगदी नेहमीचं.

अल्झायमर्समध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर बाधित होतो. नवीन अनुभव साठवण्याचं काम मुख्यतः तिथे चालतं. म्हणून लहानपणचं घर लख्ख आठवतं आणि सकाळी कोण येऊन गेलं ते नाही. "आत्ताच तर सांगितलं!" याला त्यांच्या बाजूने अर्थच नसतो, कारण ते सांगणं साठवलंच गेलेलं नसतं. दादांना हे जरूर सांगा. वारंवार सांगून हे पक्कं होणार नाही.

आता तुमच्या आई रात्रभर कावऱ्याबावऱ्या का होत्या? आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर्सच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात बहुतेकांना चित्रफितीतलं फारसं काही आठवेना, पण दुःख किंवा आनंद मात्र रेंगाळत राहिला. प्रसंग पुसला जातो, त्याने मनावर जे केलं ते राहतं. याचा चांगला अर्थही लक्षात घ्या. तुम्ही भेटून गेलात हे त्या विसरतील, पण त्या भेटीने आलेला निवांतपणा विसरणार नाहीत.

संध्याकाळच्या बेचैनीला 'सनडाउनिंग' म्हणतात. झोप-जागेपणाचं घड्याळ चालवणारा मेंदूचा भाग बिघडतो, दिवसभराचा थकवा असतो, उजेड कमी होऊन सावल्या लांबतात. त्यामुळे अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, पडदे ओढा. दुपारची झोप आटोक्यात ठेवा, सकाळी उन्हात फिरवून आणा. आणि दर वेळी बघा: तहान, लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं. गुडघा दुखतोय हे सांगता येत नाही तेव्हा माणूस "घरी जायचंय" म्हणू शकतो.

शेवंती

दुखण्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिची कंबर जुनी आहे. बघते.

रोखठोक

सगळे एका बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. 'त्यांच्या भल्यासाठी' ही फार घसरडी जागा आहे. आज बाबांबद्दल, उद्या डॉक्टरांकडे नेताना "फिरायला जाऊ", परवा कागदावर सही घेताना "काही नाही, असंच आहे". आमच्या नात्यात एका काकांना निदान शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते बिचारे स्वतःला वेडे समजत राहिले आणि बाकीच्यांनी सगळे निर्णय परस्पर घेतले. खोटं कुणाच्या सोयीचं आहे हे दर वेळी विचारायला हवं. बहुतेकदा ते सांभाळणाऱ्याच्या सोयीचं निघतं.

घरचीच

रोखठोक, "सांभाळणाऱ्याची सोय" हे वाचून हसू आलं नाही. मी सांभाळते. सासूबाईंच्या बांगड्या हरवतात (त्या स्वतःच उशीच्या अभ्र्यात ठेवतात) आणि चोर मी असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला, फोनवर, मोठ्या दिरांना, सगळ्यांना सांगून होतं. दीर तिकडून मला समजावतात, "वहिनी, जरा प्रेमाने घ्या." प्रेमाने घेणं म्हणजे काय ते एक आठवडा येऊन करून दाखवावं.

आता मी हे करते: "अगं बाई, हरवल्या का? चला शोधू या." आणि खरंच दोघी शोधतो. आधी दोन चुकीच्या जागा बघायच्या, मग त्यांच्याच हातून उशी उचलायला लावायची. सापडल्या की इतक्या खूश होतात की मला मिठी मारतात. मी सापडवल्या असं दाखवलं तर "हिनेच ठेवल्या होत्या" असं होतं. यात मी खोटं वागते का? असेन. पण त्यांची लाज राखली जाते आणि माझीही.

हसरी

घरचीच, तुम्हाला दंडवत _/\_

वातावरण थोडं हलकं करते. आजी माझ्या भावाला दर भेटीत नव्याने बघते आणि दर वेळी तोंडाचा आ करून म्हणते, "केवढा उंच झालास रे!" तो पस्तिशीचा आहे. पहिल्यांदा तो समजवायला गेला, आता वाकून विचारतो, "अजून किती वाढू सांग?" आणि ती हाताने माप दाखवते. दोघं पोट धरून हसतात. डॉक्टरसाहेब म्हणतात तसं, कशाला हसलो ते ती विसरते पण संध्याकाळ छान जाते, हे शंभर टक्के खरं.

उत्तररात्र

हा प्रतिसाद सावकाश लिहिलाय. मुलीने वाक्यं तपासली आहेत, मजकूर माझा आहे.

मला अल्झायमर्स आहे, सुरुवातीचा. तुमच्या धाग्यात माझ्यासारख्यांबद्दल बोलणं चाललंय, म्हणून माझंही ऐका.

रोखठोक यांच्याशी मी सहमत आहे. मला निदान सरळ सांगितलं गेलं आणि त्याचे उपकार वाटतात. कारण त्याआधी मी रात्री जागून स्वतःची परीक्षा घेत असे. शेजाऱ्यांची नावं, जुने फोन नंबर. नाव मिळाल्यावर ते थांबलं. शुद्धीत असताना मृत्युपत्र केलं, बँकेची कामं मुलीला दाखवली, गाडी चालवणं स्वतःहून सोडलं. शेवटी नळीने अन्न द्यायचं की नाही, याबद्दलही माझं मत लिहून ठेवलं. हे सगळं करायची संधी तुमच्या काकांकडून हिरावली गेली, ते फार वाईट झालं.

आता आतून काय होतं ते. दोन माणसं एकदम बोलली की दोन रेडिओ वेगवेगळ्या स्टेशनांवर लावल्यासारखं होतं, एकही वाक्य हाती लागत नाही. शब्द ओठांवर येऊन थांबतो, तेव्हा कुणी पटकन पुरवला तर मी गप्पच बसतो, म्हणून जरा थांबत जा. "मी कोण, ओळखलं का?" हा प्रश्न कृपा करून बंद करा. आल्याआल्या "काका, मी अमका, तुमच्या बहिणीचा मुलगा" असं सांगितलं तर तुमचं काय जातं? आणि मी समोर बसलेला असताना माझ्या मुलीला "यांना कसं आहे हल्ली?" विचारू नका. मला विचारा.

एक शेवटचं. माझी आई मी तरुण असताना गेली. पुढे कधी मी तिची वाट बघत बसेन, हे मला ठाऊक आहे. म्हणून मुलीला चिठ्ठी लिहून दिली आहे: "त्या वेळी मला ती गेल्याचं सांगू नकोस. तिच्या गोष्टी काढ." हे खोटं नाही, कारण ते माझ्या संमतीने आहे.

आडवाट

_/\_ यावर काय लिहू? चिठ्ठीची कल्पना आमच्या घरात कुणाला सुचली नाही. मी आजच बायकोशी बोलणार आहे.

रोखठोक

उत्तररात्र, मनापासून आभार. माझा आक्षेप संमतीलाच धरून होता आणि तुम्ही ती आधी देऊन ठेवता येते हे दाखवलंत. सुरुवातीच्या टप्प्यात सगळं खरं आणि सगळं विचारून. पुढच्या टप्प्यात त्यांनी स्वतः काय पसंत केलं असतं ते बघून. हे मला पटतं. शेवंती, आईंनी चिठ्ठी लिहिलेली नसेल, पण त्यांचा स्वभाव तुम्हा दोघांना माहीत आहे. दादाशी वाद घालण्यापेक्षा "आई शहाणीसुरती असताना तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?" हा प्रश्न त्याला विचारून बघा.

पानगळ

अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या रुग्णेमुळे हा आजार ओळखला गेला, त्या ऑगस्टं डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या, वय ५१. अॅलॉइस अल्झायमर हे तिथले डॉक्टर त्यांना रोज साधे प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवत. नाव काय? "ऑगस्टं." नवऱ्याचं नाव? "ऑगस्टं, मला वाटतं." त्या १९०६ मध्ये वारल्या, त्याच वर्षी अल्झायमरांनी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांच्या मेंदूतले बदल मांडले, आणि १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं. ती मूळ फाइल हरवली होती, ती १९९५ मध्ये सापडली. तिच्यात त्यांचं एक वाक्य आहे, "मी स्वतःला हरवून बसले आहे." उत्तररात्र यांचा प्रतिसाद वाचताना मला त्या आठवल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी शेजारी बसून त्यांचं म्हणणं शब्दशः उतरवून घेतलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

घरचीच यांच्यासाठी: पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा दुःखावर आयुष्यभर काम केलं आहे, ज्यात माणूस समोर आहे आणि तरी नाहीसा होतोय. त्याला तेरावा नाही, सांत्वनाला कुणी येत नाही. त्यामुळे चिडचिड होणं, रडू येणं, "कधी संपणार" असं मनात येणं हे सगळं त्या दुःखाचाच भाग आहे. स्वतःला दोष देऊ नका.

घरचीच

"कधी संपणार" हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. धन्यवाद.

हिरवळ

एका ओळखीच्यांनी स्मरणशक्तीचं एक तेल आणि काढा सांगितलाय, तीन महिन्यांत खात्रीने फरक म्हणतात. इंग्रजी गोळ्या बंद करायच्या अट आहे. कुणी करून पाहिलंय का?

स्टेथोस्कोप

हिरवळ, "गोळ्या बंद करा" आणि "खात्रीने" ही दोन्ही वाक्यं एकत्र ऐकू आली की तिथून निघायचं. आज अल्झायमर्स पूर्ण बरा करणारं काहीही नाही, कोणत्याच पद्धतीत. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, गॅलंटामाइन आणि मेमंटाइन या औषधांनी काही जणांना काही काळ मदत होते, आजार थांबत नाही. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं, त्यांना अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन कमी करतात, घसरण थोडी मंदावते, पण फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो म्हणून वारंवार एमआरआय करावे लागतात.

याउलट, विसराळूपणाची काही कारणं खरोखर सुधारू शकतात. ब-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून मेंदूवर साचलेलं रक्त, मेंदूत जास्त पाणी साचणं, आणि औषधंसुद्धा. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून घेतलेल्या काही गोळ्या डोकं बधिर करतात. म्हणून कुंपणावरचा, "वयच झालं" म्हणून सोडू नका. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन आईंना दाखवून आणा.

आणि आपल्या सगळ्यांसाठी: लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने १४ जोखमी सांगितल्या आहेत, ज्या सगळ्या दूर झाल्या तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपण वगैरे ओळखीची नावं आहेतच, पण त्यात ऐकू कमी येणं आणि दृष्टी अधू होणंही आहे. श्रवणयंत्राची लाज वाटणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे ऐकवा.

निशिगंध

माझ्या वडिलांना लेवी बॉडीचा प्रकार आहे, त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं म्हणून लिहिते. त्यांची स्मृती सुरुवातीला चांगलीच होती. सकाळी हिशेब तपासायचे आणि दुपारी शर्टाचं बटण लावता यायचं नाही. आणि कोपऱ्यात लहान मुलं दिसायची. आम्ही आधी "कुणी नाही तिथे" म्हणायचो, ते चिडायचे, कारण त्यांना दिसत होती. मग एकदा माझ्या मुलाने विचारलं, "आजोबा, ती मुलं तुम्हाला त्रास देतात का?" "छे, खेळतायत." "मग खेळू दे की." संपलं. तेव्हापासून आमच्या घरी ती मुलं खेळतात.

एक महत्त्वाचं. या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं गंभीर त्रास देऊ शकतात. माणूस आखडतो, शुद्ध हरपते. वडिलांना एका ठिकाणी रात्री असं इंजेक्शन दिलं गेलं आणि पुढचे काही दिवस भीतीत गेले. तेव्हापासून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात निदान आणि 'हे औषध देऊ नये' असं लिहून ठेवलंय.

शुश्रूषा

मी हे काम पोटापाण्यासाठी करते, घरोघरी जाऊन. तुमचे प्रतिसाद वाचून आनंद झाला. मला लिहायचंय ते आंघोळीबद्दल, कारण सगळ्यात जास्त मारामाऱ्या तिथे होतात.

नको म्हणतात ते हट्टाने नाही. थंडी वाजते, पाय घसरायची भीती असते, अंगावर एकदम पाणी आलं की दचकतात, आणि कुणापुढे कपडे काढायची लाज तर शेवटपर्यंत असते. मी आधी न्हाणीघर गरम करून घेते, पाणी काढून ठेवते, जमिनीला रबरी चटई, बसायला खुर्ची. अंगावर मोठा पंचा तसाच ठेवायचा, त्याच्याखालून धुवायचं. पाणी पहिलं पायांवर, मग हातांवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी आणि नको असेल तर त्या दिवशी नाहीच. त्यांच्या हातात एक ओला नॅपकिन द्यायचा, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत आणि थोडं काम तेही करतात. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगायची, "आता पाठ हं." रोज आंघोळ झालीच पाहिजे असं काही नाही, पुसून घेतलं तरी चालतं.

बाकी भराभर: कपडे घालायच्या क्रमाने मांडून ठेवा, सगळ्यात वर ते जे आधी घालायचं. काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटतो, काढून टाका. आरशातल्या माणसाला घाबरत असतील तर आरशावर कापड टाका. संडासाचं दार उघडं ठेवा, रात्री तिथे दिवा. पांढऱ्या ताटात पांढरं अन्न दिसत नाही. घास गिळताना ठसका लागायला लागला तर डॉक्टरांना लगेच सांगा, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. खिशात नाव आणि घरच्यांचा फोन नंबर असलेली चिठ्ठी. आणि एकट्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून कधीही जाऊ नका.

शेवंतीताई, पर्स काढून घेऊ नका. भरू द्या. माझ्या एक आजी आहेत, त्यांच्या पिशवीत रोज मीच जुने फोटो ठेवते. दाराशी जायच्या आधी पिशवीत काय काय घेतलं ते बघायला बसतो आणि फोटोंवर गप्पा सुरू होतात.

कुंपणावरचा

तातडीचं विचारतोय. आई कालपर्यंत नेहमीसारखी होती. काल रात्रीपासून एकदम बदललीय. मला ओळखत नाही, मधेच गुंगीत जाते, मधेच हवेत काहीतरी पकडते. डिमेन्शिया एवढ्या झपाट्याने वाढतो का?

स्टेथोस्कोप

नाही! एका दिवसात आलेला बदल डिमेन्शियाचा समजू नका. हे डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, सोडियम किंवा साखर बिघडणं, नवीन औषध, पडून डोक्याला लागणं, काहीही कारण असेल. आज, आत्ता रुग्णालयात न्या. कधीपासून सुरू झालं ते आणि आधी त्या कशा होत्या ते डॉक्टरांना नेमकं सांगा.

हसरी

कुंपणावरचा, काय झालं ते कळवा. काळजी वाटतेय.

कुंपणावरचा

घरी आलो. लघवीचा संसर्ग होता, शिवाय पाणी फार कमी प्यायली होती. ताप अजिबात नव्हता, त्यामुळे आम्हाला शंकाच आली नसती. आता मला नावाने हाक मारतेय. डॉक्टरांनी महिनाभराने स्मृतीच्या चाचण्या करायला बोलावलंय. म्हणाले, इतकं आजारी असताना केलेली चाचणी खरी मानायची नाही. सगळ्यांचे खूप आभार.

शेवंती

कुंपणावरचा, वाचून हायसं वाटलं.

माझं सांगते. कंबरेसाठी डॉक्टरांनी दुपारी घ्यायची वेदनाशामक गोळी दिली, दिवे लवकर लावायला लागले, आणि पर्सची युक्ती तर फारच लागू पडली. कडीशी उभं राहणं बंद झालं नाही, पण कमी झालं. "घरी जायचंय" म्हणाली की मी विचारते, "घरी गेल्यावर आधी काय करशील?" कधी अंगण झाडायचं असतं, कधी धाकट्या बहिणीची वेणी घालायची असते. म्हणजे ते घर बाबांचंही नव्हे, तिच्या माहेरचं. हे मला माहीतच नव्हतं.

दादा येऊन राहिला. रोखठोक यांचा प्रश्न त्याला विचारला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आई म्हणाली असती, मला रडवू नका." आता तोही सांगत नाही. पण काल नवीनच झालं. जेवताना तिने माझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "हे गेले ना गं?" डोळे अगदी स्वच्छ होते. मी "हो" म्हणाले. ती माझा हात धरून बसली, रडली नाही. पण दादा म्हणतो, आपलं ठरलं होतं ना सांगायचं नाही म्हणून? परत असं विचारलं तर काय करायचं?

आडवाट

हो म्हणायचं. "कधी येणार" असं विचारणारं मन आणि "गेले ना" असं विचारणारं मन वेगळं असतं. दुसऱ्या वेळी ती स्वतःच तिथपर्यंत पोचलेली असते. तिथे "नाही, येतील" म्हटलं तर तिलाच खोटं पाडल्यासारखं होईल. वडिलांना असे क्षण मधूनमधून यायचे आणि त्या वेळी त्यांना बरोबर कुणीतरी हवं असायचं.

शुश्रूषा

+१. एवढंच करा: उत्तर छोटं द्या, कसे गेले, कधी गेले हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका आणि लगेच उठून जाऊ नका. थोड्या वेळाने परत "कधी येणार" विचारलं तर "मघाशीच सांगितलं ना" हे तोंडातून निघू द्यायचं नाही. तेव्हा परत त्यांच्या गोष्टी काढायच्या.

रोखठोक

पूर्ण सहमत. विचारणाऱ्याच्या पुढे जाऊन सांगायचं नाही आणि त्याला मागेही ओढायचं नाही.

उत्तररात्र

शेवंतीताई, तुम्ही योग्य केलंत. तुमच्यामुळे माझ्या चिठ्ठीत एक वाक्य वाढवलं: "मी सरळ विचारलं तर सरळ सांग." मुलीने वाचून सही केली. मुलगा दूर असतो, त्यालाही एक प्रत पाठवली आहे, म्हणजे पुढे दोघांत वाद नको. ज्यांच्या घरी सुरुवातीचा टप्पा आहे त्यांनी हे आताच करा, आणि सगळ्या भावंडांना एकत्र बसवून करा.